शेवंतीची रात्र

कुरुळीत कुणाला कोणती फुलं ठाऊक आहेत, हे त्याच्या शिफ्टवरून ओळखता येतं. नाईट करून सकाळी सातला घरी येणाऱ्याला पारिजातकाचा सडा माहीत असतो. तासाभरानं तो कुणी झाडून टाकलेला असतो, नाहीतर उन्हानं मलूल झालेला असतो. सेकंडवाल्याला कंपनीची बस रात्री बाराच्या सुमारास फाट्यावर सोडते. त्याच्या वाट्याला रातराणी येते, आणि पावसाळ्यात नशीब असेल तर ब्रह्मकमळ. फर्स्टवाला चारच्या सुमारास चहा घेऊन ओट्यावर बसतो तेव्हा समोर गुलबक्षी उघडत असते. सगळ्यांत गैरसोय जनरलवाल्याची. ‘ऑफिस टाइम’ नावाचं एक फूल आहे, काहीजण त्याला चिनी गुलाब म्हणतात. ते नऊ-दहाला उमलतं आणि दुपार कलली की मिटतं. नाव त्याच्या वेळेचं, पण बिचाऱ्याला ते दिसतं फक्त रविवारी.

मी मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. माझी शिफ्ट दर आठवड्याला फिरते, त्यामुळं झोपेचं खोबरं झालं, पण फुलं सगळी बघायला मिळाली.

मोशीचा इंद्रायणी पूल ओलांडला की पुणे-नाशिक महामार्गावर चिंबळी फाटा लागतो, मग कुरुळी, पुढं चाकण. रस्त्याच्या अल्याडपल्याड कंपन्या, गोदामं, वजनकाटे. आत वळलं की अजून कांदा दिसतो, मका दिसतो, गोठे दिसतात. या दोन्हींच्या मधे आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांची गुंठा-दोन गुंठ्यांवरची घरं आहेत. माझं मूळ गाव लातूर जिल्ह्यात. तिकडं माती काळी आणि पाऊस बेभरवशाचा. इथं पाऊस जरा बरा म्हणायचा, पण तोही किती? पन्नासेक किलोमीटरवर लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं कोसळतो आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर त्यातला सहावा हिस्सासुद्धा उरत नाही.

घराच्या प्लॉटवर माती नव्हतीच. भरावाचा मुरूम होता, आणि त्यात विटांचे तुकडे, सिमेंटची ढेपळं. खड्डे काढून त्यात ट्रॉलीनं आणलेला पोयटा भरला, शेजारच्या गोठ्यातलं शेणखत मिसळलं, तेव्हा कुठं झाडं लागली. काळी माती नुसती कुंडीत भरायची नाही, हे मराठवाड्यातल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात ती कुंडीच्या कडेपासून सुटून मधे ढेकूळ होऊन बसते. वरून पाणी घाला, ते कडेनं सरळ खाली.

पाण्याचं दुखणं मातीपेक्षा मोठं. बोअरचं पाणी जड आहे. मातीच्या कुंड्यांना बाहेरून पांढरी पुटं चढतात. अनंताला ते अजिबात सोसत नाही. त्याची पानं पिवळी होतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण पाण्यातल्या चुन्यानं ते बांधलं जातं आणि मुळांना मिळत नाही. चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून दिलं की नवीन पान हिरवं येतं. त्याहून बरा उपाय मला कंपनीत सापडला. क्वालिटी रूमचा एसी दिवसभर चालतो आणि त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतून गोळा झालेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. पाच लिटरचा कॅन भरून मी घरी नेऊ लागलो. गेटवर सिक्युरिटीनं अडवलं. कॅनमध्ये काय? पाणी. कसलं पाणी? एसीचं. नेताय कशाला? अनंताला. त्यानं रजिस्टरमध्ये काय लिहिलं असेल ते असो, पण दुसऱ्या दिवशीपासून मला मटेरियलचा रीतसर गेटपास करावा लागला. आता तो स्वतःच्या गावाकडं लावायला अनंताची छाटकलम मागतोय.

फुलांचे महिने कॅलेंडरवर पाठ करून उपयोग होत नाही, हे हळूहळू ध्यानात आलं. त्यापेक्षा कुठलं झाड कशाची वाट बघतंय ते कळलं पाहिजे. मोगरा उष्म्याची वाट बघतो. संक्रांतीनंतर त्याची छाटणी करायची, पानं काढायची, खत द्यायचं आणि गप्प बसायचं. फाल्गुनात ऊन तापलं की नवे फुटवे येतात आणि त्यांच्या शेंड्याला कळ्यांचे झुबके. चैत्र-वैशाखात संध्याकाळी बायको परडी घेऊन बसते तेव्हा कळ्या घट्ट असतात. रात्री नऊला त्याच कळ्या परडीत उमलून फुगलेल्या. बोगनवेलीचं उलटं. तिला लाडावलं की ती नुसती काटे आणि पानं काढते. पाणी तोडलं, मुळं कुंडीत आवळली गेली, की सगळी वेल गुलाबी होते. (ती गुलाबी पानंच असतात म्हणा; खरं फूल आत पांढरं, नळीसारखं, कुणाचं लक्षही जात नाही असं.)

एप्रिल-मे ही बागेची वाईट वेळ. महामार्गाची आणि बांधकामांची धूळ पानांवर बसते आणि धुळीत, कोरड्या उन्हात गुलाबावर लाल कोळी वाढतो. पान उलटं करून बघितलं तर बारीक जाळी आणि तिच्यात टाचणीच्या टोकाहून लहान लालसर ठिपके चालताना दिसतात. औषधापेक्षा पानांच्या खालून पाण्याचा फवारा जास्त लागू पडतो. याच दिवसांत कंपन्यांच्या कुंपणाआतली झाडं मात्र ऐन भरात. बहावा पिवळा, गुलमोहर लाल, आणि एक मेच्या आसपास ताम्हण जांभळा. ताम्हण महाराष्ट्राचं राज्यफूल; महाराष्ट्र दिनाला झेंडावंदनासाठी सगळे पटांगणात उभे असतात, मागं ते झाड फुललेलं असतं, आणि त्याचं नाव विचारलं तर निम्म्यांना येत नाही.

मग वळीव. दुपारभर कोंडतं, चारच्या सुमाराला वारा सुटतो, पत्रे वाजतात, लाईट जाते, आणि अर्ध्या तासात सगळं धुऊन निघतं. त्यानंतर चार-पाच दिवसांनी कुंपणाकडेच्या ओळीत पावसाळी लिलीची गुलाबी फुलं एका सकाळी एकदम वर येतात. आदल्या संध्याकाळी तिथं गवतासारखी पाती असतात, बाकी काही नाही. नळीनं कितीही पाणी मारलं तरी ती अशी एकजुटीनं उठत नाहीत. मे फ्लॉवरचा तो लाल चेंडूही याच सुमाराला जमिनीतून निघतो, पानाआधी फूल.

पावसाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माझ्या मते तो बागेपेक्षा तणाचा हंगाम आहे. शंखी गोगलगायी रात्री निघतात आणि झेंडूची रोपं फस्त करतात. टॉर्च घेऊन त्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हे सेकंड शिफ्टच्या आठवड्यातलं काम. सोनचाफा मात्र पावसात जोर धरतो. आमचा कलमी आहे, नर्सरीवाले ‘वेलणकर’ म्हणून देतात तो. बियांच्या झाडासारखी सात-आठ वर्षं वाट बघायला लावत नाही. तेरडा आपोआप उगवतो. गौरी येतात त्या वेळी गल्लीतल्या बायका त्याची झाडं मुळासकट मागायला येतात, कारण आता रानात तेरडा मिळायचं रानच राहिलं नाही. ब्रह्मकमळाचंही सांगून टाकतो. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, उत्तराखंडचं राज्यफूल. आपल्याकडं ज्याला हळद-कुंकू वाहतात तो मेक्सिकोकडचा निवडुंग आहे. आमच्या गल्लीतल्या आजींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “असू दे की, आला ना हितवर?” आणि त्यांनी कुंकू लावलं.

झेंडूला तारीख लावता येते, म्हणून कामगाराला तो परवडतो. बी टाकल्यापासून साठ-सत्तर दिवसांत फूल. दसरा कधी आहे ते बघायचं, मागं मोजायचं आणि त्या हिशेबानं ट्रेमध्ये बी टाकायचं. खंडेनवमीला आमच्या प्रेस शॉपमध्ये मशीनची पूजा होते. आदल्या दिवशी सगळ्या प्रेस धुऊन-पुसून काढतात, तेलाचे ट्रे रिकामे होतात, आणि वर्षभर जिथं कानात बोटं घालून उभं राहावं लागतं तिथं अगरबत्तीचा वास येतो. गेली काही वर्षं आमच्या लाईनचा झेंडू माझ्या घरून जातो. एका वर्षी पूजा झाली, पेढे वाटले, सुट्टी संपून लाईन सुरू करायची तर एक प्रेस हलेना. मोटर सुरू, हवेचा दाब बरोबर, इमर्जन्सी सुटलेली, तरी स्ट्रोक पडेना. या प्रेसला पुढून लाईट कर्टन असतो. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधे न दिसणारे किरण. ऑपरेटरचा हात आत असेल तर किरण तुटतो आणि प्रेस थांबते. कुणीतरी हौसेनं दोन्ही पट्ट्यांवरून तोरण बांधलं होतं आणि त्यातला एक झेंडू सुटून बरोबर किरणाच्या आड लोंबत होता. फूल काढलं, प्रेस चालू.

अशा बंद मशीनपुढं उभं राहून वर्षं गेली की एक सवय लागते. मशीन बंद म्हणजे ते बिघडलंच असं नसतं. पुष्कळदा ते एखाद्या सिग्नलची वाट बघत असतं आणि तो आलेला नसतो. बागेतही मी असाच शोध घेतो. खत घाला, औषध मारा म्हणणारे सगळे असतात, पण शेवंतीचा उलगडा मला त्या सवयीनं झाला.

शेवंतीच्या कुंड्या आमच्याकडं घराच्या मागच्या भिंतीलगत. पिवळी बटण शेवंती आणि थोडी पांढरी. आळंदीच्या कार्तिकी यात्रेच्या सुमाराला ती कळीवर यायची आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांना, जेव्हा बाजारात फुलांना हात लावायची सोय नसते तेव्हा, आमच्या घरच्या फुलांवर गल्लीतल्या चार घरांचे घट सजायचे. मग एका वर्षी कार्तिकी झाली, मार्गशीर्ष लागला, आणि झाडं कमरेइतकी उंच, हिरवीगार, तजेलदार. कळी एक नाही. शेंडा चिमटीत धरून उकलून बघितला तर आत पानातून पान, पानातून पान. सल्ले आले. पेंड घाला. नत्र जास्त झालं. शेंडे खुडायला उशीर झाला. पण पाण्याच्या टाकीमागं ठेवलेल्या दोन कुंड्या नेहमीसारख्या फुलल्या होत्या. तीच रोपं, तीच माती, तेच पाणी, तीच तारीख. फरक फक्त जागेचा.

रात्री घरी आल्यावर तो फरक दिसला. मागच्या बाजूच्या गोदामानं त्या पावसाळ्यात नवा एलईडी फ्लडलाईट लावला होता. गोदामाच्या आवाराइतकाच आमच्या भिंतीवर त्याचा उजेड. टाकीमागं सावली. रोषणाई मोजायला कंपनीत लक्स मीटर असतो. ऑडिटच्या आधी आम्ही लाईनवर टेबलाटेबलावर आकडे घेत फिरतो. तो एका रात्रीपुरता परवानगीनं घरी आणला. शेवंतीच्या पानावर पंधरा ते वीस लक्स. टाकीमागं आकडा एकच्या खाली. पौर्णिमेचं चांदणं अर्धा लक्सही भरत नाही, म्हणजे माझ्या शेवंतीला महिनोन्‌महिने पौर्णिमेच्या कितीतरी पट उजेडात रात्र काढावी लागत होती.

दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की फुलणाऱ्या झाडांत शेवंतीचा नंबर वरचा. आपल्याकडं जूनमध्ये दिवस तेरा तासांच्या थोडा वर असतो आणि डिसेंबरात अकरापर्यंत उतरतो. फरक दोन तासांचा, पण तेवढा तिला पुरतो. ही गोष्ट अमेरिकेच्या शेती खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी १९२० मध्ये मांडली. त्यांच्याकडं तंबाखूचा एक वाण होता, नुसता वाढत जायचा, उन्हाळ्यात फुलायचाच नाही. त्यांनी झाडं रोज ठरावीक वेळी अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवली, आणि ती फुलली. झाड खरं तर दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं, हे पुढं कळलं. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावून तो अंधार तोडला तरी मोजणी पहिल्यापासून सुरू होते. पॉलिहाऊसमध्ये शेवंती घेणारे शेतकरी याचाच धंदा करतात. दांडा लांब हवा तोवर रात्री बल्ब लावायचे, आणि फूल हवं तेव्हा बल्ब बंद करून वरून काळं कापड ओढायचं.

हे सगळं वाचून, आकडे घेऊन मी गल्लीतल्या आजींना समजावत होतो. त्यांचा जन्म इथलाच, कांदा-बटाट्यात आयुष्य गेलं. त्यांनी निम्म्यातच थांबवलं. “रातभर डोळ्यावर दिवा धरल्यावर ती निजंल कवा आन् फुलंल कवा?” आता, झाड निजत नाही आणि त्याला डोळे नाहीत हे मला माहीत आहे. पण लक्स मीटर नसताना त्यांचं निदान माझ्याइतकंच बरोबर होतं, आणि माझ्या आधी झालं होतं.

पुढच्या वर्षी गणपती उठले की संध्याकाळी सहाला कुंड्यांवर बांबूच्या कामट्यांवरून काळं कापड टाकायचं आणि सकाळी काढायचं, असं ठरवलं. ठरवणं सोपं. मी सेकंडला असलो की कापड बायकोनं टाकायचं. मी नाईटला असलो की सकाळी मुलीनं शाळेच्या गडबडीत काढायचं. आणि पावसाची सर आली की ओलं कापड झाडांवर बसायचं. तरी कळ्या धरल्या. त्या वर्षी घट पुन्हा सजले. दरम्यान मी गोदामाच्या वॉचमनला दिवा जरा खाली वळवायला सांगितलं होतं. “साहेबांना विचारतो,” तो म्हणाला, आणि ते विचारणं तसंच राहिलं. शेवटी ऐन पावसाळ्यात एका रात्री तो दिवा आपणच बंद पडला. आत पाणी शिरलं होतं. वॉचमन माझ्या दारात, कारण आसपास इलेक्ट्रिशियन म्हणून त्याला मीच माहीत. मी शिडी लावली, ड्रायव्हर बदलला, ग्लँड नीट आवळली, आणि ब्रॅकेटचे दोन बोल्ट ढिले करून दिवा गोदामाच्या फाटकाकडं वळवून पुन्हा कसले. वरून पत्र्याची छोटी टोपी बसवली, पाणी जाऊ नये म्हणून. त्याचं फाटक आधीपेक्षा उजळलं, तो खूष. पैसे विचारले तर मी चहा मागितला.

तेव्हापासून मी रात्रीच्या बसमधून बाहेर बघताना दिवेच बघतो. या पट्ट्यात अंधार उरलेलाच नाही. हायमास्ट, कुंपणाचे दिवे, होर्डिंग, ट्रेलरच्या रांगा. महामार्गाकडेच्या घरांत शेवंती फुलत नाही आणि लोक नर्सरीवाल्याला नावं ठेवतात. मला वाटतं, नव्या घराला नळ आणि वीज बघतो तशी अंधाराची एक जागाही बघायला हवी. हे मी बोललो तर मित्र हसतात.

थंडीत काम कमी आणि फुलं जास्त. ऑक्टोबरात पाऊस थांबला की गुलाबाची छाटणी. सहा-सात आठवड्यांत फुलं. हाच हिशेब मावळातले पॉलिहाऊसवाले चौदा फेब्रुवारीसाठी लावतात. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कातले गुलाब त्या सुमाराला परदेशी जातात आणि इथं लग्नसराईत भाव चढतो. जानेवारीत पुण्याला एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायला आम्ही दरवर्षी जातो. ते भरवणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची. तिथले गुलाब बघून घरच्यांची लाज वाटते, पण त्यांच्याकडं मुरूम नाही आणि बोअरचं पाणी नाही, असं म्हणून परत यायचं. पौषात इंद्रायणीवरून धुकं येतं, आभाळ दोन दिवस भरून राहतं, आणि शेवंतीच्या उरलेल्या दांड्यांवर, जास्वंदीच्या शेंड्यांवर काळा मावा बसतो. त्याला निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी.

सध्या घरात वाद चालू आहे तो कागदी लिंबावरून. आंबिया बहार धरायचा तर थंडीत झाडाचं पाणी महिनाभर तोडावं लागतं. पानं मलूल होतात, थोडी गळतात, मग आळं उकरून शेणखत घालायचं आणि पाणी सोडायचं. झाड फुलांनी भरतं. काळ्या भारी जमिनीत हा ताण बसायला वेळ लागतो, आमच्या मुरमावर लवकर बसतो. म्हणून मी मार्गशीर्ष संपताच पाणी बंद केलं आणि तसं सगळ्यांना बजावलं. बायकोला दारातलं झाड माना टाकून उभं असलेलं बघवत नाही. “पाहुणे काय म्हणतील?” हा तिचा मुद्दा. झाड आठवडा उलटला तरी टवटवीत आहे आणि मला पहिल्यापासून संशय होता. परवा नाईटवरून आलो, आळ्यात वाकून माती चाचपली तर वरचा थर ओला, आणि त्यात भाताची दोन-चार शितं. विचारलं, तर म्हणाली, चिमण्यांना टाकली होती.